पोच घेतल्याशिवाय परतू नका

नाशिक शहर ओलांडून गोदावरी निफाड तालुक्यातल्या सायखेडा आणि चांदोरी यांच्या मधून पुढे नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याकडे जाते. येताना ती शहराचं सांडपाणीही आणते. त्यावर पोसलेल्या पाणवेली सायखेड्याच्या पुलाला अडकून बसतात. पाणी बिघडवतं कोण आणि सोसतं कोण, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्याला हवी असते ती वाट: दाद मागायची कुठे, आणि कोणत्या क्रमाने?

समजा, गावात नळाला वासाचं पाणी येतंय. सुरुवात गावातूनच करायची. पाण्याच्या शुद्धीकरणाचं काम जलसुरक्षकाकडे असतं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलं आहे की नाही, हे ओटी टेस्टमध्ये दिसतं: पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, तसंच राहिलं तर नाही. पावडरमध्ये 20 टक्क्यांपेक्षा कमी क्लोरीन असेल, तर ती वापरण्यायोग्य नसते. टेस्टची नोंद आणि प्रयोगशाळेचा अहवाल ग्रामपंचायतीत बघायला मागा. पुढची सगळी लढाई याच कागदांवर उभी राहते.

दुसरी पायरी ग्रामसभेची. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 प्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तोंडी आरडाओरड सभेबरोबर विरून जाते, ठराव मात्र इतिवृत्तात राहतो. म्हणून विषय आधी लेखी द्या, ठराव मांडा आणि त्याची नक्कल घ्या.

तिसरी पायरी माहिती अधिकाराची. 2005 च्या कायद्याखाली साध्या कागदावर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करता येतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर 150 शब्दांत बसावा. त्यामुळे ‘पाणी घाण का?’ असं विचारू नका. ‘गेल्या बारा महिन्यांचे पाणी तपासणीचे अहवाल द्यावेत’ असं मागा. माहिती अधिकाऱ्याला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील आणि तिथेही समाधान झालं नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं.

एवढं करूनही यंत्रणा हलली नाही, तर चौथी पायरी दंडाधिकाऱ्यांची. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश प्रांत, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी, देऊ शकतात. पूर्वी हा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 मध्ये होता, 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे. त्याची ताकद मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी दाखवून दिली. उघडी गटारं आणि घाणीविरुद्ध ते दंडाधिकाऱ्यांकडे गेले, आदेश मिळाला. पैसे नाहीत, असं म्हणत नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. 1980 मध्ये न्यायालयाने ती सबब फेटाळली. लोकांच्या आरोग्याचं कर्तव्य तिजोरीकडे बोट दाखवून टाळता येत नाही, हे त्या निकालाने पक्कं केलं.

नदीच मैली होत असेल, तर गावच्या पंचायतीला धरून भागत नाही. त्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे, आपल्यासाठी त्याचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे. पर्यावरणाच्या वादासाठी तिथला अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, हे विसरू नका. त्याच्याही वर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयाचा दरवाजा आहे. स्वच्छ पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सुभाष कुमार खटल्यात म्हटलं आहे. गोदावरीच्या प्रदूषणाविरुद्ध नाशिककरांनी 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा न्यायालयाने नीरी या संस्थेला उपाय सुचवायला सांगितले.

मात्र उच्च न्यायालयात पहिला प्रश्न बहुधा हाच येतो: संबंधित अधिकाऱ्यांकडे आधी मागणी केली होती का? तिथे ठरावाची नक्कल, माहिती अधिकाराचं उत्तर, प्रांतांकडच्या अर्जाची प्रत, सगळं उपयोगी पडतं. खालच्या पायऱ्या म्हणजे वाया गेलेले हेलपाटे नाहीत, वरच्या न्यायालयासाठी जमवलेला पुरावा आहे.

वकिलाच्या खर्चाची धास्ती अनेकांना मागे खेचते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. पूरग्रस्तांनाही हा हक्क आहे. ऑगस्ट 2019 चा पूर पाहिलेल्या सायखेड्यात तो माहीत असायलाच हवा.

न्यायमूर्ती रानड्यांचा जन्म याच निफाड तालुक्यात झाला. सनदशीर मार्गाने सरकारला जाब विचारण्याची शिकवण आपल्याला परकी नाही. म्हणून एवढंच सांगणं आहे: अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. कचेरीतून पोच घेतल्याशिवाय परतू नका.