कऱ्हेच्या काठी, नीरेच्या पाण्यावर

पुरंदर तालुक्यात गराड्याच्या डोंगरात कऱ्हा उगम पावते. सासवडला तिला चरणावती मिळते. जेजुरीजवळ सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी तिच्या पाण्यात स्नानाला उतरते. मोरगावच्या मोरेश्वराच्या गावावरून ती बारामतीत येते आणि शहर ओलांडल्यावर सोनगावला नीरेत मिसळते. ब्रह्मदेवाचा कमंडलू लवंडला आणि त्यातून ही नदी निघाली, अशी कथा या सगळ्या पट्ट्यात सांगतात. सासवडच्या आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव दिलं आणि नदी महाराष्ट्रभर पोहोचली. एवढ्या नावलौकिकाच्या या नदीला पाणी मात्र पावसाळ्यातच काय ते असतं. जेजुरीजवळच्या नाझरे धरणात ते अडतं, आणि खाली बारामतीपर्यंत उन्हाळ्यात वाळू, दगड आणि वेडी बाभळ एवढंच उरतं.

कऱ्हेत मालाची नाव चालावी एवढं पाणी कधीच नव्हतं. सह्याद्रीच्या पावसाची सावली संपूर्ण बारामती तालुक्यावर पडते. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. बाजरी, ज्वारी, मेंढरं आणि भीमथडीची तट्टं ही इथली जुनी दौलत. अशा कोरड्या मुलखात पुण्यापासून शंभर किलोमीटरवर एक शहर उभं राहिलं, टिकलं आणि वाढलं. त्याची गोष्ट समजून घ्यायची तर दोन नद्या एकदम डोळ्यांपुढे ठेवाव्या लागतात. कऱ्हेनं बारामतीला देवळं, वाडे आणि कवी दिले. पोटाला दिलं ते नीरेनं, आणि तेही फार उशिरा.

कऱ्हेकाठच्या जुन्या गावात आजही सिद्धेश्वराचं आणि काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे. घरोघरी वाचल्या जाणाऱ्या ‘शिवलीलामृता’चा शेवटचा अध्याय ज्यांनी लक्षपूर्वक वाचला असेल, त्यांना हे गाव तिथे भेटलं असेल. शके १६४० मध्ये, म्हणजे १७१९च्या सुमारास, ब्रह्मकमंडलूच्या तीरावर, द्वादशमती नगरीत हा ग्रंथ पुरा झाल्याचं श्रीधरांनी तिथे नोंदवलं आहे. द्वादशमती म्हणजे बारामती. पंढरपूरजवळच्या नाझऱ्याचे श्रीधर इथे बसून लिहीत होते, यावरून त्या काळी गावाला देवळांचा आणि श्रोत्यांचा आधार होता, असं मानायला हरकत नाही.

पुढच्या पिढीत गावाचं दैव पालटलं ते नाईकांमुळे. बाबूजी नाईक जोशी हे बडे सावकार. पेशव्यांना कर्ज देणारं घर. बाजीरावांची बहीण भिऊबाई बाबूजींचे भाऊ आबाजी यांना दिलेली, त्यामुळे सोयरीकही होती. तरी १७४०मध्ये बाजीराव गेल्यावर हेच बाबूजी नाईक नानासाहेबांच्या आड उभे राहिले. नागपूरच्या रघूजी भोसल्यांचा त्यांना पाठिंबा होता आणि पेशवेपदच त्यांना हवं होतं. शाहू महाराजांनी वस्त्रं नानासाहेबांना दिली. ती नाईकांना मिळती तर मराठ्यांच्या राजकारणात या कऱ्हेकाठच्या गावाचं वजन काय झालं असतं, हा विचार नाईकांचा वाडा बघताना मनात येतोच. नदीकडे तोंड करून उभी असलेली ती भक्कम वास्तू बारामतीत आलेल्या प्रत्येकानं आधी बघावी.

या वाड्याचं खरं मोठेपण माझ्या लेखी मोरोपंतांमुळे आहे. मोरेश्वर रामचंद्र पराडकर यांचा जन्म १७२९चा, पन्हाळ्याचा. वडील नाईकांच्या पदरी चाकरीला आले आणि पाठोपाठ तरुण मोरोपंतही आले. नाईकांकडे पुराण सांगायचं, घरी येऊन लिहायचं, असा त्यांचा क्रम चार दशकं चालला. १७९४मध्ये ते बारामतीतच गेले. संपूर्ण महाभारत त्यांनी आर्या वृत्तात आणलं. रामकथा तर एकशे आठ वेळा लिहिली, दर वेळी नवं बंधन स्वतःवर घालून. निरोष्ठ रामायणात ओठ लावून उच्चारायचं एकही अक्षर नाही, म्हणजे ‘प’ नाही, ‘ब’ नाही, ‘म’ नाही. ज्या ग्रंथाच्या नायकाच्या नावातच ‘म’ आहे, तो ग्रंथ! आज मोरोपंतांना ‘अवघड पंडित कवी’ म्हणून बाजूला ठेवतात, हे मला पटत नाही. ‘केकावली’तला देवाशी भांडणारा, हट्ट धरणारा, रडवेला झालेला माणूस अवघड नाही. शहरात त्यांच्या नावाचं स्मारक आहे. त्यांच्या कवितेचं वाचनही तिथे नित्य व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पेशवाई बुडाली आणि कंपनीचा अंमल आला. इथून पुढचा इतिहास बारामती आणि शेजारचं इंदापूर असा जोडीनंच वाचावा लागतो. इंग्रजांनी आधी ठरवलेला सारा इतका जड होता की इंदापूर तालुक्यात शेतं पडीक पडली, कुळं मुलूख सोडून गेली. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन तरुण अधिकाऱ्यांनी १८३५-३६मध्ये इंदापुरात नव्यानं मोजणी केली, सारा उतरवला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. पुढे मुंबई इलाख्यात रयतवारीची जी मोजणी झाली, तिचा पाया इंदापूरच्या मातीत घातला गेला. महाराष्ट्रातल्या जमीन महसुलाच्या इतिहासात या तालुक्याचं स्थान फार वरचं आहे आणि इंदापूरकरांनी ते अभिमानानं सांगायला हवं.

तीस वर्षं संपली. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते, सावकार सढळ हातानं पैसे देत होते. युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि नेमक्या त्याच सुमारास नव्या फेरमोजणीत सारा चढला. कर्जखतांखाली शेतकरी चिरडला गेला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजाराच्या दिवशी त्याचा स्फोट झाला. आज बारामती तालुक्यात असलेल्या या गावात लोकांनी सावकारांची दुकानं आणि घरं फोडली. रोख होता तो खतांवर आणि चोपड्यांवर. कागद मिळाले की उठाव थांबायचा. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात गेलेलं हे बंड पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९मध्ये शेतकऱ्यांना सावकारी कर्जातून दिलासा देणारा कायदा आला. सारा वसूल करणाऱ्या सरकारविरुद्ध नव्हे, तर खत लिहून घेणाऱ्या सावकारावर हात टाकला म्हणून काहींनी या उठावाला छोटं ठरवलं. गहाण पडलेल्या शेताच्या बांधावर उभं राहून पाहिलं तर सावकार आणि साऱ्याचा हप्ता यांत फरक करणं शक्य नव्हतं.

दंग्यांच्या पुढच्याच वर्षी १८७६चा महादुष्काळ पडला. दुष्काळी काम म्हणून जे खोदकाम सुरू झालं त्यातून नीरा डावा कालवा निघाला. १८८५मध्ये तो वाहता झाला. वरच्या अंगाला भोर तालुक्यात नीरेच्या उपनदीवर, वेळवंडीवर, भाटघर धरण बांधण्यात आलं. सह्याद्रीच्या कुशीत पडलेला धो-धो पाऊस तिथे साठायचा, नदीतून वीरपर्यंत यायचा आणि तिथून पाटानं पुरंदर, बारामती, इंदापूरकडे वळायचा. इंदापूरकडे जाताना या कालव्याला कऱ्हा ओलांडावी लागते. नकाशावर हे ठिकाण बोटानं शोधा: खाली आपल्या गावच्या नदीचं कोरडं पात्र आणि त्याला आडवं जाणारं परक्या डोंगरातलं भरलेलं पाणी.

सुरुवातीला शेतकरी पाटाचं पाणी घ्यायला फारसे राजी नव्हते. पाऊस बरा झाला तर पाण्याचे पैसे कशाला भरायचे, असा सरळ हिशेब. १८९६ आणि १८९९च्या दुष्काळांनी तो बदलला आणि मग पाण्यासाठी रेटारेटी सुरू झाली. इथेच तरुण इंजिनिअर विश्वेश्वरय्यांनी गट पद्धत आणली. ठरावीक गटाला काही वर्षांच्या करारानं पाणी द्यायचं आणि त्यातल्या एका हिश्श्यातच ऊस लावू द्यायचा, म्हणजे पाणी अधिक गावांना पुरेल. ऊस मात्र आवरला नाही. सासवडचे माळी बागायतदार कालव्याच्या पट्ट्यात आले, खंडानं जमिनी घेऊन त्यांनी ऊस आणि गूळ यांत नाव काढलं. पाण्याच्या अतिवापरानं जमिनी खारवल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी १९१०मध्येच नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींचा अभ्यास छापला होता. त्या इशाऱ्याला शंभराहून अधिक वर्षं झाली आणि चोपण जमिनींचा प्रश्न या पट्ट्यातून गेलेला नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९१४मध्ये दौंडहून छोटी रेल्वे आली. १९२०च्या दशकात भाटघरला नवं, मोठं धरण झालं. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि त्याभोवती वालचंदनगर उभं केलं. तिथल्या यंत्रशाळांनी पुढे अणुभट्ट्यांचे आणि अग्निबाणांचे भाग घडवले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे सहकारी कारखाने आले, कॉलेजं आली, औद्योगिक वसाहत आली. माळेगावलाच आता दुष्काळ, खार आणि उष्णता सोसणाऱ्या पिकांवर काम करणारी राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. शरद पवारांमुळे बारामतीचं नाव देशाच्या राजकारणात गेलं, त्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे.

आषाढात हा मुलूख बघावा. तुकोबांची पालखी बारामतीत मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी काटेवाडीला परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतो, धनगरांची मेंढरं पालखीभोवती रिंगण धावतात. हातात काठी घेतलेल्या मेंढपाळाच्या मागे पांढरा-काळा कळप वळणं घेत पळतो तेव्हा या भागाची मूळ ओळख ऊस येण्याच्या कितीतरी आधीची आहे हे कळतं. बेलवाडीला घोड्यांचं गोल रिंगण होतं. निमगाव केतकीवरून पालखी इंदापुरात येते. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे याच इंदापूरच्या रणात पडले, अशी परंपरा आहे. पुढे सराटीला नीरेत तुकोबांच्या पादुकांना स्नान घालतात.

इंदापूरची दुसरी कड भीमेची. १९८०मध्ये उजनी धरण झालं आणि भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं दगडी देऊळ धरण आटलं की वर येतं, आणि उठून गेलेल्या घरांची माणसं तेव्हा दर्शनाला जातात. भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. तिथले मच्छीमार आता नावेतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात. तालुक्याच्या शेवटच्या टोकाला नीरा नरसिंहपूर. तिथे नीरा भीमेला मिळते. संगमावरचं लक्ष्मी-नृसिंहाचं प्रचंड देऊळ विंचूरकरांनी बांधून काढलेलं आहे.

बारामती बघायला येणारे लोक बहुधा कालव्याखालचीच बारामती बघून परत जातात. चकचकीत रस्ते, बागा, उसाचे फड. त्यांनी मोरगावहून सुप्याकडे एक चक्कर मारावी. कालव्याची रेघ या पट्ट्याच्या दक्षिणेला राहिली, म्हणून इथले लोक स्वतःला आजही जिरायती भागातले म्हणवतात. जानाई-शिरसाई योजनेतून मुठेच्या कालव्याचं पाणी उचलून इकडे आणलं जातं. आवर्तन कधी सुटणार, कुठल्या चारीला किती दिवस, शेवटच्या टोकाला पोहोचणार का, हीच चर्चा पारावर चालते. पाऊस दगा देतो त्या वर्षी उन्हाळ्यात टँकर येतात. १८७५मध्ये ज्या गावानं सावकाराची खतं जाळली, त्या गावाच्या शिवारात एकाच तालुक्यातल्या बागायतदारांइतकं हक्काचं पाणी अजून पोहोचायचं आहे.