कारखान्याची हवा माजघरात नको

पुढच्या पडवीत वेल्डिंग किंवा फर्निचरचे पॉलिश आणि मागे बिऱ्हाड. नाहीतर खाली गाळा, वर घर. चिपळुणात अशी घरे नवीन नाहीत. उन्हाळ्यात दारे-खिडक्या उघड्या असतात, म्हणून निभावते. पावसाच्या झडीत सगळे बंद केले, की थिनरचा वास माजघरात येतो.

मधले दार लावून घेणे पुरेसे नाही. हवा कमी दाबाकडे जाते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन घरातली हवा बाहेर फेकतो, तेव्हा तिची जागा दाराखालच्या फटीतून आलेली कारखान्याची हवा घेते. कौलारू घरात मधली भिंत छपरापर्यंत पोचलेली नसेल, तर माळ्यावरून वाट मोकळीच.

पडताळा सोपा आहे. खिडक्या लावा, स्वयंपाकघरातला पंखा सुरू करा आणि पातळ कागदाची पट्टी मधल्या दाराच्या फटीशी धरा. ती घराकडे झुकली, तर वाफाही तिकडेच येणार.

थिनरमधल्या टोल्युइनसारख्या द्रावकांनी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या वेल्डिंगनंतर काही तासांनी थंडी वाजून ताप येऊ शकतो. पावसाळ्यात तो साथीचा ताप वाटतो. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये काढला.

उपाय दाबाचाच. कारखान्याच्या बाहेरच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा आणि समोरच्या बाजूने बाहेरची ताजी हवा येऊ द्या. पंख्याचे तोंड घराच्या खिडकीकडे नको. थिनर वापरत असाल, तर ठिणगी न उडणारी मोटर घ्या. दाराला रबरी पट्टी लावा; वायरींची भोके आणि भिंतीवरची मोकळी जागा बुजवा. ओले पॉलिश सुकेपर्यंत वाफा सोडते, म्हणून काम संपल्यावरही पंखा चालू ठेवा. कापडी मास्क या वाफा अडवत नाही.

जनरेटरला मात्र पंख्याचा उपायही चालत नाही. २२ जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या चिपळूणकरांना वीज गेल्यावर त्याची आठवण होणारच. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. जनरेटर पडवीत किंवा गाळ्यात नको. तो उघड्यावर, दारा-खिडक्यांपासून लांबच हवा. घरात एकाच वेळी अनेकांचे डोके दुखू लागले, तर आधी सर्वांना बाहेर काढा आणि मग डॉक्टर गाठा.