धूर दिसला की हवा वाढवू नका

सक्करदऱ्यातून हिंगण्याला शिफ्टला जाणारे इथे बरेच दिसताहेत, म्हणून आज रि-रोलिंगच्या भट्टीच्या बर्नरबद्दलच बोलतो.

घरचा पंपाचा स्टोव्ह आठवा. पिन फिरवली नाही की पिवळी ज्योत, काजळी. तेव्हा आई हवा भरत बसायची नाही, आधी पिन मारायची. भट्टीवर मात्र आपण उलटं करतो. धूर दिसला की हवेचा डॅम्पर उघडतो. धूर जातो, मालक खूष! पण तेल वाढलं ते कुणाला दिसत नाही.

हिशेब करू. एक किलो फर्नेस ऑइल पूर्ण जळायला साधारण 14 किलो हवा लागते. व्यवहारात 15 टक्के जास्त द्यावी लागते, म्हणजे 16 किलो. धुरात तेव्हा ऑक्सिजन 3 टक्क्यांच्या आसपास असतो. तोच 8 टक्के दिसला तर हवा जवळपास 60 टक्के जास्त चाललीय, म्हणजे 22 किलो. वरची सहा किलो काहीच काम करत नाही, 900 अंशाला तापते आणि चिमणीतून जाते. त्यात साधारण 1400 किलोकॅलरी गेल्या. किलोभर तेलात असतात सुमारे 10,000. शंभरातले चौदा रुपये गेले की हो! शिवाय जादा ऑक्सिजनने बिलेटवर स्केल जास्त धरतं, ते लोखंडही आपलंच.

मग धूर का येतो? बहुतेक वेळा तेल थंड असतं म्हणून. फर्नेस ऑइल घट्ट असतं. बर्नरच्या तोंडाशी ते 100 ते 110 अंशांवर पाहिजे. हीटर टाकीजवळ आणि पाइप उघडा, मग डिसेंबरच्या रात्री काय होणार? थेंब मोठे पडतात, बाहेरून जळतात, आतला कोळसा धूर होऊन निघतो. म्हणून थर्मामीटर बर्नरपाशी लावा, टाकीवर नाही. नोझल झिजलं असेल तर बदला. त्यानंतर डॅम्पर हळूहळू बंद करत न्या, कार्बन मोनॉक्साइड दिसू लागला की थोडा परत उघडा.

आणखी एक. बर्नर गरजेपेक्षा मोठा घेऊ नका. ‘पुढे लागेल’ म्हणून घेतलेला बर्नर कायम मंद चालतो. मंद आचेवर तेल कमी केलं जातं, हवा तशीच राहते, आणि मग आपण पुन्हा त्याच आठ टक्क्यांवर.

आता प्रश्न विचारा. मागचे दादा, तुम्ही मघापासून हात वर करून आहात, बोला.