सव्वा चमचा समुद्रात दोन जिल्हे

समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण 10 लाख जिवाणू असतात. 2011च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 42,29,917 भरली, धुळ्याची 20,50,862. चोपडा, अमळनेर, शिरपूर, साक्री असं सगळं धरून माणसं 63 लाखांच्या आतच. तेवढे जिवाणू सव्वा चमचा समुद्रात मावतात. आणि हे नुसत्या पाण्याचं झालं, दाट वस्ती तर दगडात असते.

खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमध्ये प्रवाळ-खडकाचे सच्छिद्र तुकडे ठेवतात, त्यांना लाइव्ह रॉक म्हणतात. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, उरलेलं खाद्य कुजून त्यात भर पडते. लिटरमागे एखाद्या मिलिग्रॅमनेही मासे दगावू शकतात. दगडातले सूक्ष्मजीव या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. खडकाच्या गाभ्यात, जिथे प्राणवायू जेमतेम पोचतो, तिथले तिसरे जीव नायट्रेटपासून नायट्रोजन वायू बनवतात आणि तो हवेत निघून जातो.

एवढे कामगार दगडात राहतात कुठे? 10 सेंटिमीटरचा ठोकळा घेऊ. बाहेरून क्षेत्रफळ 600 चौरस सेंटिमीटर, ए-4 कागदापेक्षा थोडं कमीच. आता त्याला केसाएवढी, 0.1 मिलिमीटर व्यासाची आरपार भोकं आहेत असं समजा, दर 0.2 मिलिमीटरवर एक. भोकं होतात अडीच लाख. त्यांच्या आतल्या भिंती मोजल्या तर 78,500 चौरस सेंटिमीटर भरतात, म्हणजे 84 चौरस फूट. दहा बाय आठच्या खोलीच्या फरशीहून जास्त! खरा खडक इतका रेखीव नसतो, पण आवाका कळतो. जिवाणू साधारण एक मायक्रोमीटरचा, म्हणून एका चौरस सेंटिमीटरवर 10 कोटी बसतील. शंभरातली एकच जागा भरलेली धरली तरी त्या ठोकळ्यात 7,850 कोटी जीव होतात. पृथ्वीवरच्या माणसांच्या जवळजवळ दहापट.

दगडाच्या बाबतीत खान्देश काही गरीब नाही. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींत काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांतून निघणारे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइटचे स्फटिक जगभरचे संग्राहक घेतात. ही झिओलाइट कुळातली खनिजं, आणि या कुळातली काही खनिजं गोड्या पाण्यातला अमोनियम उत्तम पकडतात. मग तीच टाकीत का टाकू नयेत? उत्तर पुन्हा आकड्यात आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सोडियम सुमारे 10,800 मिलिग्रॅम असतो. अमोनियम अर्धा मिलिग्रॅम धरला, तर वजनाने एकास 21,600 असा सामना होतो. खनिजातल्या जागा सोडियमच बळकावतो. खाऱ्या पाण्यात निर्जीव दगडाची डाळ शिजत नाही, तिथे जिवंत वस्तीच हवी.

त्या वस्तीतला एक रहिवासी तर 2005 मध्ये जगासमोर आला: नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. तो मिळाला अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयात, उष्ण कटिबंधातल्या सागरी जीवांच्या टाकीतून. लांबी एक मायक्रोमीटरहून कमी. हा जिवाणू नव्हे, आर्किया. समुद्रांत आर्कियांच्या 13 नंतर 27 शून्यं इतक्या पेशी असाव्यात, असा अंदाज 2001 मध्ये मांडला गेला होता. अमोनियावर जगणारे असे जीव महासागरभर पसरलेले आहेत, हे कळायला एका फिशटँकची मदत झाली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हे जीव सावकाश वाढतात. दिवसाला दुप्पट धरले, तर एकाचे 36व्या दिवशी सुमारे 6,872 कोटी होतात. हा हिशेब कागदावरचा आहे, पण नवी टाकी ‘बसायला’ चार ते सहा आठवडे लागतात हा जाणकारांचा अनुभव त्याच्याशी छान जुळतो.

वाढलेल्या वस्तीला श्वासही लागतो. अमोनियातला एक मिलिग्रॅम नायट्रोजन नायट्रेटपर्यंत नेताना साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू खर्ची पडतो, तर 25 अंशांच्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे तो सातही नसतो. पाणी तापलं की आणखी घटतो. जळगावच्या मे महिन्यात वीज गेली आणि पंप थांबला, की माशांबरोबर दगडही गुदमरतो. बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ असलाच पाहिजे.

खान्देशातून समुद्र गाठायचा तर तापीच्या मागोमाग थेट सुरतेपलीकडे जावं लागतं. तरी 200 लिटर पाण्यात 7 किलो सागरी मीठ घातलं की घरात समुद्राएवढं खारं पाणी तयार होतं. खडकासाठी मात्र समुद्राला हात लावू नका. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे घ्या आणि ते जिवंत होऊ द्या. अमोनियाच्या चाचणीत, बहुतेक किटमध्ये, नळीतलं पाणी आधी हिरवं होतं आणि काही आठवड्यांनी पिवळंच राहू लागतं. नायट्राइटही शून्यावर आलं की पहिला मासा आणा, त्याआधी नको.