पाव कुणाच्या हातचा?

(निमोणे येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, आज बोलायचंय बेकरीबद्दल, पण सुरुवात आपल्याच चुलीपासून करू. चंपाषष्ठीला आपण खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा दाखवतो. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यापुढे फुगवतो. तेव्हा भाजणं आपल्याला नवं नव्हतं. नवं होतं ते दुसऱ्याच्या भट्टीतून आलेलं खाणं, आणि खरी अडचण तिथंच होती.

'पाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. गोव्याचे पोदेर पीठ आंबवायला माडाची सूर वापरत. म्हणजे आक्षेप किती पाहा: पाणी परक्याच्या हातचं, आंबवण ताडीचं, आणि वर पीठ पायानं तुडवतात ही समजूत. 'पायानं मळतात म्हणून पाव' अशी व्युत्पत्तीही सांगायचे लोक! ती चूक आहे, पण तिच्यातली किळस खरी होती. विहिरीत पाव टाकून अख्खं गाव बाटवल्याच्या गोष्टी वसई-गोव्याकडे आजही सांगतात. त्यांना इतिहास म्हणून किती धरायचं ते बाजूला ठेवू. पण पाण्यात पडलेल्या तुकड्यानं जात जाते, हे ऐकणाऱ्याला पटत होतं.

आपल्या भागात पाव आला असणार तो छावणीबरोबर. शिरूर, म्हणजे आपली घोडनदी, ही कंपनी सरकारची छावणी. 1 जानेवारी 1818 ला भीमा-कोरेगावला लढलेली पलटण आदल्या रात्री इथूनच निघाली होती. गोऱ्या शिपायाला पाव लागायचा. गावाला मात्र तो साहेबाचा नाहीतर आजाऱ्याचा घास वाटायचा.

शहाणीसुरती मंडळी तरी यातून सुटली का? पुण्यात ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता पेल्याला हात लावला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मधून छापून आणली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारक त्यांच्यावरच नाराज झाले. हायकोर्टाचा न्यायाधीश होणारा माणूस, आणि एका कप चहापुढे त्याला वाकावं लागलं! मला यात रानड्यांचा दुबळेपणा कमी दिसतो, घरच्यांवर पडणाऱ्या बहिष्काराची ताकद जास्त दिसते. सोयरीक तुटते, श्राद्धाला भटजी मिळत नाही. वाद काही चवीचा नव्हता.

व्यापाऱ्यांनी यातून वाट काढली. दिल्लीत 1898 साली 'हिंदू बिस्किट कंपनी' निघाली. उच्चवर्णीय हिंदूंच्याच हातचा माल, अशी तिची जाहिरात. म्हणजे बिस्किट स्वीकारलं, विटाळ तसाच ठेवला.

आपल्याकडे वाट काढली ती बायकांनी, नानकटाईच्या निमित्तानं. दिवाळीच्या आधी मैदा, रवा, डालडा किंवा तूप आणि पिठीसाखर घरून मोजून न्यायची, बेकरीवर नंबर लावायचा. बेकरीवाला बहुतेक वेळा मुसलमान. तो तूप-साखर फेसून गोळे वळणार, पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून भट्टीत सारणार, मजुरी किलोवर घेणार. तिथं उभ्या असलेल्यांची नजर आपल्या ट्रेवर, कारण डब्यांची अदलाबदल झाली की भांडण ठरलेलं. माझा तर्क असा: नानकटाईत पाण्याचा थेंब नसतो, आंबवण्याला ताडी नसते, सामान घरचं. तुपात केलेलं चालतं, पाण्यात शिजवलेलं चालत नाही, हा जुना नियम होताच. तो न मोडता परक्या हातचा पदार्थ फराळाच्या ताटात, चकलीच्या शेजारी येऊन बसला. एकदा नानकटाई आली म्हटल्यावर खारी, टोस्ट, पाव यांना अडवणार कोण?

पुण्याच्या कॅम्पात 1955 मध्ये इराणी कुटुंबानं कयानी बेकरी काढली. तिच्या श्रूजबेरी बिस्किटांसाठी सदाशिव पेठही रांगेत उभी राहिली. पेठेतल्या माणसाला विचारा, तो हे कबूल करणार नाही!

आता तालुक्याच्या गावी 'अय्यंगार बेकरी' अशी पाटी दिसते. अय्यंगार म्हणजे दक्षिणेकडचे वैष्णव ब्राह्मण. पाटीचा अर्थ गिऱ्हाईक बरोबर ओळखतं, की इथं अंडं नाही. दिल्लीच्या त्या बिस्किटाची ही चुलतबहीणच म्हणा. आत पीठ मळणारा कुठल्या जातीचा, कुठल्या राज्यातला, हे मात्र केकवर पोराचं नाव लिहून घेताना कुणी विचारत नाही. एगलेस आहे ना, एवढंच विचारतात.