क्वार्टरचा हिशेब आणि म्हातारचळ

साठी उलटलेल्या माणसाने केसांना कलप लावून नवा शर्ट चढवला, की पारावरून शब्द येतो, 'म्हातारचळ'. तिशीतल्या गड्याच्या याच इच्छेला आपण संसार म्हणतो. या टोमण्याच्या धाकाने उतारवयातली शरीरसुखाची अडचण डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही. ती पोहोचते बाटलीपर्यंत.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हे अंतर मुळातच कमी. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा या नद्यांच्या काठाने ऊस उभा. साखर काढून उरलेली काळी, चिकट मळी यीस्टने आंबवली की मद्यार्क तयार. 'थोडी टाकली की जोर येतो' ही समजूतही जुनी, आणि तालमींच्या या जिल्ह्यात जोर या शब्दाला वजन आहे.

प्रत्यक्षात दारू मेंदूचा लगाम सैल करते. भीड चेपते, म्हणून जोर आल्यासारखा वाटतो. ताठरता मात्र रक्ताच्या जिवावर येते. मज्जातंतूंकडून निरोप सुटतो, नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, धमन्या सैलावतात आणि रक्त भरतं. दारू हा निरोपच मंद करते. वर्षानुवर्षं रोज प्यायलं तर मज्जातंतू झिजतात, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटतं. यकृत पार निकामी होत आलेल्या काही पुरुषांची छातीही बायकांसारखी वाढते.

त्यात वयाची भर. तरुण पुरुषाच्या शरीरात सुमारे 60 टक्के पाणी असतं, म्हातारपणी ते 50 टक्क्यांच्या आसपास येतं. मद्यार्क पाण्यात मिसळतो. पाणी कमी, म्हणजे तोच पेला रक्तात जास्त कडक. आता क्वार्टरचा हिशेब मांडू. 180 मिली, त्यात 42.8 टक्के मद्यार्क, म्हणजे साधारण 60 ग्रॅम. यकृत तासाला 7 ते 10 ग्रॅम निकालात काढतं. रात्री नऊला संपवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत अंगात असते, आणि त्याच अंगात मधुमेहाची, रक्तदाबाची, प्रोस्टेटची गोळीही असते. दारूने साखर एकदम उतरते, उठताना चक्कर येते.

घरातल्या बाईला तर कुणी विचारतच नाही. पाळी गेल्यावर अनेकींचा योनिमार्ग कोरडा होतो, संबंध दुखतात. त्यावर वंगण आहे, डॉक्टरांच्या सल्ल्याने लावायचं इस्ट्रोजेनचं मलम आहे. पण तिचं 'नको' वयाच्या खात्यावर जमा होतं. त्यातलं किती दुखण्यामुळे आणि किती शेजारच्या तोंडाच्या वासामुळे, हे विचारायची पद्धत नाही. र. धों. कर्वे 1927 ते 1953 लैंगिक आरोग्यावरचं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून, त्यापायी खटले सोसून हेच बोला म्हणत होते.

इच्छा वयाबरोबर संपते, हे तर खरंच नाही. अमेरिकेत 57 ते 85 वयाच्या 3005 जणांची पाहणी 2007 साली प्रसिद्ध झाली. 65 ते 74 या गटातले 53 टक्के लैंगिकदृष्ट्या सक्रिय होते.

बाटलीआड झाकलेली अडचण कधीकधी हृदयाची वर्दी असते. लिंगाच्या धमन्या जेमतेम 1 ते 2 मिलिमीटरच्या, हृदयाच्या 3 ते 4. चरबीचा थर आधी बारीक नळीत अडतो, म्हणून ताठरतेची तक्रार छातीच्या दुखण्याच्या काही वर्षं आधीच सुरू होऊ शकते. अशा वेळी मेडिकलमधून गुपचूप सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळी आणणं धोक्याचं. हृदयासाठी नायट्रेटची गोळी, जिभेखाली धरायची किंवा गिळायची, चालू असेल, तर या दोन औषधांनी रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळतो.

म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा किती मिली आणि कोणत्या गोळ्या, दोन्ही खरं सांगा. रोजची सवय असेल तर मनाने एका दिवसात सोडू नका. हात थरथरतात, झटके येऊ शकतात. तेही औषधाच्या आधारानेच सोडायचं असतं.