जुन्या पिकअपचा नंबर आधी चासीवर शोधा

नवी मुंबईत पन्नाशी ओलांडलेली एखादी डॉज, फार्गो, शेव्हरोले किंवा विलीजची पिकअप उभी दिसली, तर ती जवळपास या शहराएवढी जुनी असते. सिडकोची स्थापना मार्च १९७० मधली आणि वाशी आरटीओची एमएच-४३ ही मालिका त्याच्याही फार नंतरची. त्यामुळे अशा गाडीचा जन्मदाखला इथे मिळत नाही. पहिली नोंद मुंबईत, ठाण्यात, पेणला किंवा थेट दुसऱ्या राज्यात झालेली असते. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि ‘एमएच’ने सुरू होणारे क्रमांक आले. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे आकडे अशी पद्धत होती. मालक बदलतो, जिल्हा बदलतो, नोंदणी पुस्तक फाटते, दुय्यम प्रत निघते, हाताने लिहिलेली नोंद संगणकात चढते. या सगळ्यात जी ओळख बदलू नये अशी अपेक्षा असते, ती लोखंडात ठोकलेली असते. म्हणून जुनी पिकअप घेताना किंवा दुरुस्तीला काढताना पहिले काम चासीवरचा नंबर शोधण्याचे आहे. आरसी बुक त्यानंतर उघडावे.

या गाड्यांपैकी बऱ्याच मुंबईतच जोडल्या गेल्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणी सुरू केली, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात डॉज आणि फार्गो बांधल्या, महिंद्राने माझगावात विलीज जीप जोडायला घेतली. परदेशातून आलेले सुटे भाग इथे जोडले गेल्यामुळे अशा गाडीचा नंबर अमेरिकी पुस्तकातल्या यादीशी जुळेलच असे नाही, आणि जुळला नाही म्हणून गाडी खोटीही ठरत नाही. शिवाय आज सर्वत्र दिसणारा सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक अमेरिकेत १९८१ पासून सक्तीचा झाला. त्याआधीचे नंबर आखूड आणि प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या रीतीचे असत. नव्या क्रमांकात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे मुद्दाम वगळली आहेत, कारण त्यांची एक आणि शून्याशी गल्लत होते. जुन्या नंबरांना असे संरक्षण नाही आणि ‘बॅकलॉग’ म्हणजे जुन्या हाताने लिहिलेल्या नोंदी संगणकात चढवताना नेमकी इथेच चूक होऊ शकते.

नंबर कुठे शोधायचा? केबिनच्या दाराच्या खांबावर किंवा इंजिनमागच्या पत्र्यावर रिव्हेटने बसवलेली पट्टी चटकन सापडते. पण पट्टी काढून दुसऱ्या गाडीला लावता येते, म्हणून तिला दुय्यम पुरावा मानावे. ठोकलेला नंबर चासीच्या लांब पट्ट्यांपैकी एकीवर असतो. अनेक जुन्या फोर्ड पिकअपमध्ये तो उजव्या पट्टीच्या वरच्या बाजूला इंजिनजवळ मिळतो, तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या विलीज जीपमध्ये डाव्या पट्टीवर, पुढच्या बंपरमागे आतल्या बाजूला क्रमांकाची पट्टी असे. खाडीची खारट हवा, कोकणचा पाऊस आणि अनेक वर्षांचे ग्रीस यांचा थर त्यावर बसलेला असतो. तिथे ग्राइंडर किंवा फिरता तारेचा ब्रश अजिबात लावू नये. रॉकेल, पेंट रिमूव्हर, नरम ब्रश आणि धीर एवढे पुरते. मग बॅटरीचा उजेड तिरका पाडायचा, कागद ठेवून मऊ पेन्सिल घासायची. नोंदणीच्या नमुना २० मध्ये हीच पेन्सिलछाप मागितली जाते.

कोणी म्हणेल, इंजिन नंबर आहे की, तोही तपासता येतो. तपासावाच. विलीजमध्ये तो पाण्याच्या पंपामागे ब्लॉकच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यावर असतो, शेव्हरोलेच्या सहा सिलिंडर इंजिनात उजव्या बाजूला डिस्ट्रिब्युटरजवळ. पण आपल्याकडे पेट्रोल परवडेना तेव्हा या गाड्यांत सर्रास डिझेल इंजिने बसवली गेली. तो बदल आरसीवर चढला असेल तर ठीक, नसेल तर कागदावरचे इंजिन केव्हाच भंगारात गेलेले असते. इंजिन बदलून गाडी तीच राहू शकते, चासी बदलली की राहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चासीवरचा नंबरही चोर घासून नवा ठोकतात, मग त्यावर तरी विश्वास का ठेवायचा? याचे उत्तर धातूतच आहे. ठोक्याने पृष्ठभागाखालचे लोखंडही दाबले जाते. वरचा थर घासला तरी तो ताणलेला भाग खाली उरतो आणि आम्लाचा हात फिरवला की आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळा दिसू लागतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा पुसलेले आकडे याच रीतीने परत वाचतात. खूप खोल घासले किंवा तिथे वेल्डिंगची उष्णता लागली, तर मात्र ही खूण जाते. म्हणूनच असमान अंतराचे आकडे, वेगळ्या वळणाचे ठसे किंवा नंबराभोवती वेल्डिंग दिसले, तर किंमत कितीही कमी असो, व्यवहार थांबवावा.

कागद बरोबर असला की पुरे, असे मानणाऱ्यांची अडचण आता वाढणार आहे. नव्या उच्च सुरक्षा नंबर प्लेटसाठी अर्ज करताना चासी आणि इंजिन नंबरचे शेवटचे आकडे द्यावे लागतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या क्रमांकाने नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे. चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही, व्यावसायिक वापरही चालत नाही. पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल, तर ती या व्याख्येत बसते का हे पैसे खर्चण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे.

सर्वात जास्त नुकसान चोर करत नाहीत, उत्साही मालक करतात. गाडी चकचकीत करायच्या घाईत चासी सँडब्लास्टिंगला जाते, खड्ड्यांत पुट्टी भरली जाते, वर जाड रंगाचे हात बसतात आणि ऐंशी वर्षे टिकलेले आकडे एका दुपारी नाहीसे होतात. गाडी सुटी करण्याआधी नंबराचे फोटो आणि दोन-तीन पेन्सिलछापा घ्याव्यात, ती जागा सँडब्लास्टिंगपूर्वी झाकून घ्यावी आणि शेवटी तिथे पातळ प्राइमरवर ग्रीसचा हात द्यावा. आकडे गंजाने खरेच गेले असतील, तर स्वतः ठोकून घेऊ नयेत. जुनी कागदपत्रे घेऊन आरटीओकडे जावे आणि त्यांच्या लेखी परवानगीनेच पुन्हा पंचिंग करावे.